पुण्याचे पाहुणे, नाटक आणि सराफा : इंदूरचा एक शनिवार न भांडता कसा पार पाडावा

पाहुण्यांचा फोन बहुतेक बुधवारी येतो. "शनिवारी सकाळी पोचतोय. फार काही ठरवू नकोस, फक्त सराफा दाखव." बोलणारी मावशी असो की बायकोचा मामेभाऊ, वाक्य हेच. आणि दर वेळी पंचाईत होते, कारण सराफा, म्हणजे सराफी पेढ्या मिटल्यावर त्याच गल्लीत भरणारा रात्रीचा खाऊबाजार, 'फक्त' दाखवता येत नाही. संध्याकाळी सहाला नेलं तर तिथे सोन्याचांदीची दुकानं उघडी असतात आणि पाहुणे विचारतात, "खायचं कुठे आहे?" घरी जेवू घालून नेलं तर दुसऱ्या दोन्यालाच (इथे द्रोणाला दोना म्हणतात) हात टेकतात. मग ट्रेनमध्ये बसताना म्हणतात, "बरं होतं, पण लोक उगाच कौतुक करतात."

चुका करत करत माझा आता एक क्रम बसला आहे. राजेंद्रनगर, रामबाग, लोकमान्यनगर, इंदूरच्या कुठल्याही मराठी घरातून तो चालावा. वाटेत किरकोळ नाडले जाण्याचे ठरलेले मुक्काम आहेत : पाण्याची बाटली, मिठाईचं खोकं, खात्यातून गेलेले पण समोर न पोचलेले पैसे. ते टाळायचं कसं, तेही जिथल्या तिथे सांगतो.

बुधवारीच दिवस उलटा मोजा

सुरुवात शेवटापासून करायची. सराफा खरा रंगात येतो साडेनऊच्या पुढे. त्याच्या आधी अडीच तासांचं नाटक बसवायचं तर ते साडेसहाचं हवं, म्हणजे सहाला नाट्यगृहाच्या दारात. राजवाड्याचं आतलं दालन पाचला बंद होतं, म्हणून तिथे साडेतीनला पोचायचं. दुपारचं जेवण बाराला, आणि तेही वरणभात-कोशिंबिरीवर थांबवायचं. इथे घरच्या बाईचा विरोध होतो, कारण पाहुणा आला आणि पुरणपोळी नाही म्हणजे काय! ती रविवारी दुपारी करा. शनिवारी पुरणपोळी झाली की सराफा गेलाच म्हणून समजा.

पाहुणे सोमवारपर्यंत राहणार असतील तर राजवाडा आणि लालबाग महाल सोमवारवर ढकलू नका. सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

नाटकाचं तिकीट

इंदूरला मराठी नाटक म्हटलं की पहिलं नाव सानंद न्यासाचं. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं इथे येतात, प्रयोग बहुतेक खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात होतात, आणि सगळा कारभार सभासदत्वावर चालतो. सभासदांचे गट आहेत आणि एकाच नाटकाचे गटांप्रमाणे लागोपाठ प्रयोग लागतात. म्हणून खिडकीवर जाऊन चार तिकिटं मागू या भरवशावर राहू नका. आधी नात्यात, शेजारी कोण सभासद आहे आणि त्यातलं कोण या शनिवारी जाणार नाही, हे शोधा. लग्नसराईत अशी कार्डं सहज मिळतात. कार्ड हातात आलं की गट आणि वेळ दोन्ही वाचा. दुसऱ्या गटाचं कार्ड घेऊन दारात उभं राहिलेलं कुटुंब मी पाहिलं आहे. माझंच होतं.

नाटक नसेल तर रवींद्र नाट्यगृह किंवा जाल सभागृहात एखादी मैफील, हिंदी नाटक असं काही ना काही सापडतं. गाण्याला इथे जाणता श्रोता आहे. उस्ताद अमीर खाँ इंदूरचे आणि कुमार गंधर्व राहिले ते तासाभराच्या अंतरावर देवासला, एवढं पाहुण्यांना जाता जाता सांगून ठेवावं. पुण्याच्या माणसावर त्याचा चांगला परिणाम होतो.

अशा कार्यक्रमाची तिकिटं ऑनलाइन काढली तर त्याच क्षणी तीन गोष्टी जपून ठेवा : बुकिंगचा क्रमांक, भरलेली रक्कम दिसणारा स्क्रीनशॉट आणि रद्द होण्याबद्दलच्या अटींचं पान. मी एकदा एका मैफिलीची चार तिकिटं काढली. कार्यक्रम दोन दिवस आधी रद्द झाला आणि "सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत पैसे परत" असा निरोप आला. तीन आठवडे झाले तरी काही नाही, आणि फोनवर दर वेळी नवा मुलगा पहिल्यापासून सगळं विचारायचा. शेवटी फोन सोडून लेखी मार्ग धरला आणि काम झालं :

आधी विक्रेत्याला एकच ईमेल. तारीख, क्रमांक, रक्कम आणि "कार्यक्रम तुमच्याकडून रद्द झाला" हे वाक्य ठळक. रागाचा एक शब्द नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिलावर लिहिलेल्या मुदतीत पैसे परत न करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवस धरतात. ती मुदत उलटली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करायचा. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. मराठीत बोलता येतं, हिंदीची कसरत लागत नाही. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि एक क्रमांक देतात. तो लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच चालतं. ही मध्यस्थी आहे, निकाल नव्हे. पण बहुतेक किरकोळ प्रकरणं एवढ्यावरच मिटतात. माझी मिटली, तिकिटावरचं बुकिंगचं शुल्क मात्र परत आलं नाही. छप्पन रुपयांसाठी पुढे जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. जायचंच असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. म्हणजे पुण्याचा पाहुणा इंदुरात नाडला गेला तर तो पुण्यात बसून दाद मागू शकतो. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

साडेतीन : राजवाडा

गाडी घेऊन राजवाड्याच्या पुढ्यात जाण्याचा हट्ट धरू नका. सुभाष चौकाच्या बहुमजली पार्किंगमध्ये ठेवा आणि चाला. रस्त्यावर पार्किंगचे पैसे मागणाऱ्याकडून पावती घ्या. पावतीवर वाहनाचा क्रमांक आणि दर छापलेला नसेल तर तो माणूस कोणाचा, हे विचारायला हरकत नाही. विचारल्यावर बरेचदा दर आपोआप उतरतो.

राजवाड्यापुढे पाहुण्यांना दोन मिनिटं नुसतं उभं करा. सात मजले, त्यातले खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. मराठा, मुघल आणि फ्रेंच वळण एकाच दर्शनी भागात. १९८४ च्या दंगलीत आगीने आतला बराच भाग गेला, पुढे तो पुन्हा उभारला. आत एका तासाहून जास्त काढू नका, ज्येष्ठांचे गुडघे बोलू लागतात. नंतर पायीच कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर. कान्ह नदीच्या काठावरच्या या होळकरांच्या छत्र्या, कोरीवकाम सुरेख, गर्दी कमी, बसायला पायऱ्या. ज्यांना राजवाड्याचे जिने चढवले नाहीत त्यांना इथे बसवावं. नदीबद्दल पाहुणे काही बोलले तर ऐकून घ्यावं. शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं असलं तरी नदीचं काम अजून बाकी आहे.

खरेदीचा विषय इथेच निघतो. "बाजार जवळच आहे ना, नुसतं बघून येतो." नको. साडी रविवारी.

सहा : नाट्यगृहात

राजवाड्यापासून विद्यापीठाचं सभागृह पाच-सहा किलोमीटर. पण वाटेत नवलखा आणि भंवरकुआं, आणि शनिवारची संध्याकाळ. पाचला निघा.

मध्यंतरात पाण्याची बाटली. छापील किंमत २० आणि मागतात ३०. विचारलं की उत्तर ठरलेलं : "ठंडी करने के लगते हैं, भिया." नाही लागत. बंद बाटलीवर छापलेली किंमत सगळ्या करांसह असते, गार करण्याचं वेगळं शुल्क किरकोळ विक्रेत्याला लावता येत नाही. एकाच मालावर दोन ठिकाणी दोन छापील किमती ठेवायलाही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. एक बारीक फरक मात्र ध्यानात ठेवा. हॉटेलात टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीला हा नियम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे, कारण तिथे बसायची जागा, वाढप हे सगळं धरलेलं असतं. स्टॉलवर उभ्याने घेतलेल्या बाटलीला ती सवलत नाही.

मी करतो ते असं. आधी हसून, "भिया, बीसच लिहिलंय की." निम्म्या वेळा तेवढ्यावर दहाची नोट परत येते. नाही आली तर यूपीआयने पैसे देतो म्हणजे नोंद राहते, बाटलीवरच्या किमतीचा फोटो काढतो आणि बिल मागतो. बिल शब्द ऐकल्यावर उरलेल्यातले निम्मे नरमतात. तरीही अडलं तर जिल्ह्याचं नापतौल (वजनमापांचं) कार्यालय आहे किंवा पुन्हा तेच १९१५. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, त्यातली दहा मिनिटं दहा रुपयांवर घालवू नका. तक्रार रविवारीही करता येते, दुसरा अंक मात्र गेला तर गेला.

साडेनऊ : सराफा

आता मुख्य काम. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत दिवसा सराफी पेढ्या चालतात, त्या मिटल्या की त्यांच्याच ओट्यांवर आणि पुढ्यात खाण्याचे ठेले लागतात. रात्री गल्लीत माणसांचा राबता राहिला की दुकानं सुरक्षित, म्हणून सराफांनीच हे वाढू दिलं असं सांगतात. गाडी परत सुभाष चौकात. गल्लीत दुचाकी घुसवण्याचा मोह टाळा, पुढे जाता येत नाही आणि मागे वळता येत नाही.

पहिला नियम : एका पदार्थाचा एकच दोना, चौघांत. पुण्याच्या पाहुण्याला हे जमत नाही, तो "मला माझा वेगळा" म्हणतो. तिथे यजमानाने कठोर व्हावं. दुसरा नियम : बसायची जागा शोधू नका. तिसरा : तिखट आधी, तळलेलं मधे, गोड शेवटी, आणि पेय सगळ्यात शेवटी.

सुरुवात भुट्ट्याच्या किसाने. कोवळा मका किसून दुधात शिजवलेला, मोहरी-हिंगाची फोडणी, वर ओलं खोबरं आणि लिंबू. पावसाळ्यात ताज्या भुट्ट्याचा असतो तो खरा, उन्हाळ्यात आग्रह करू नका. मग खोबऱ्याचं सारण घातलेलं खोपरा पॅटीस. थंडीत आलेले असतील तर गराडू चुकवू नका. कोनफळाच्या जातीचा हा कंद, तुकडे दोनदा तळून त्यावर जीरावन (इथला चटपटीत कोरडा मसाला) आणि लिंबू. कढईतून निघाल्या निघाल्या खावा, गार झालेला गराडू म्हणजे निव्वळ पीठ.

यानंतर दहीवड्याच्या ठेल्याशी उभं राहा. इथे दहीवड्याचा दोना हवेत उडवून झेलतात आणि चिमटीत एकदम घेतलेले वेगवेगळे मसाले बोटाबोटाने सोडतात. पाहुण्यांचा मोबाइल इथे निघतो, काढू द्या. फक्त व्हिडिओ काढणारा रांगेच्या मधे उभा नको.

साबुदाणा खिचडीवरून वाद होणार हे धरून चाला. आपली खिचडी तूप-जिरे-दाण्याच्या कुटाची. इथला साबुदाणा वाफवलेला असतो आणि मागितल्यावर समोर मसाला, फराळी मिक्श्चर, लिंबू घालून कालवून देतात. "ही खिचडी नव्हेच," असं आमची आत्या दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी दोना संपवते.

गोडात जलेबा. एकच वळण, वजन पाव किलोच्या वर, चौघांना एक पुरतो, वर रबडी. मालपुवा, मावाबाटी हे ज्याची पचनशक्ती शाबूत आहे त्याने. शेवटी शिकंजी, आणि ही सूचना मोठ्याने द्या : इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबू सरबत नव्हे. दाट आटवलेलं दूध, केशर, सुकामेवा. जड पोटावर हलकं काहीतरी म्हणून एका काकांनी पूर्ण ग्लास मागवला होता. रात्री दोनला त्यांच्यासाठी ओवा शोधत होतो.

रिकामा दोना डब्यात. डबा दिसत नसेल तर हातात धरून चला. इथे तो खाली टाकणाऱ्याकडे अनोळखी माणूसही वळून बघतो, आणि दंडही होतो.

पैसे गेले, पोचले नाहीत

सराफ्यात रात्री अकराला नेटवर्कचं गणित बिघडतं. आपल्या खात्यातून साठ रुपये गेल्याचा मेसेज, आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा ठेलेवाल्याचा डबा मुका. मागे रांग. अशा वेळी दुसऱ्यांदा स्कॅन करू नका, दोन्ही व्यवहार पुढे गेले तर साठाचे एकशेवीस. रोख द्या आणि पुढे चला. यासाठी दहा-वीस-पन्नासच्या नोटांत पाचशे रुपये खिशात हवेतच, आणि ते पुरुषमंडळींच्या नव्हे, ज्याला हिशेब राहतो त्याच्या. खुल्ले नाहीत म्हणून टॉफी हातात ठेवण्याचा प्रकारही त्याने वाचतो.

अडकलेल्या साठ रुपयांचं काय? रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे दुकानदाराला यूपीआयने पाठवलेले आणि त्याला न पोचलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. माणसाकडून माणसाला पाठवले असतील तर दुसऱ्याच दिवशी. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची. म्हणून व्यवहाराचा क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, सहाव्या दिवशी ॲपमध्ये तक्रार टाका आणि बँकेकडून उत्तर येईपर्यंत सोडू नका.

परतीची गाडी

स्वतःची गाडी नसेल तर सराफ्याच्या आतून रिक्षा बोलावू नका. चालक फोन करतो, "किधर जाना है, ऑनलाइन है कि कॅश?" आणि उत्तर ऐकून रद्द करतो. जवाहर मार्गावर किंवा कृष्णपुरा पुलापर्यंत चालत या आणि तिथून बुक करा. रद्द चालकाने केलं असेल तर ॲपमध्ये ते तसंच नोंदवा. आपण रद्द केलं की शुल्क आपल्या डोक्यावर बसतं, आणि "आप ही कॅन्सल कर दो" या गोड बोलण्यामागे हेच असतं.

रविवार : पोहे, साडी, खोकं

सकाळी आठला कचरागाडीच्या गाण्याने पाहुणे उठतात. त्यांना घरचे पोहे करू नका, कोपऱ्यावरचे आणा. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले, बडीशेप घातलेले, वर सेव आणि जीरावन, सोबत जिलेबी. 'शेव' नव्हे, 'सेव'. इतक्या वर्षांत आमच्या मराठीने हा एक शब्द इथल्या मातीला देऊन टाकला आहे.

माहेश्वरी साडी घ्यायची तर मावशीला एवढंच शिकवा : काठ उलटून बघायचा. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, साडी उलटी नेसली तरी चालते. हातमागाची म्हणून पैसे घेत असतील तर हातमागाचं चिन्ह असलेलं लेबल मागा आणि बिलावर 'हातमाग' हा शब्द लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर ती यंत्रमागाची समजून भाव करा. वाईट साडी असते असं नाही, तो भाव तिचा नसतो एवढंच.

दुपारी पुरणपोळी घरीच होणार आहे. पण कुणी थाळीला बाहेर नेलंच, तर बिलात 'सर्व्हिस चार्ज' शोधा. तो आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवलं. काढायला सांगा, काढतात.

उरली मिठाई, आणि माझी खरी चीड इथे आहे. पुठ्ठ्याचं जाड खोकं काट्यावर ठेवतात, त्यात काजूकतली भरतात आणि एक किलो झाली की दोरी. समजा खोकं ६० ग्रॅमचं आणि भाव हजार रुपये किलो, तर साठ रुपये पुठ्ठ्याचे गेले. कायद्याने वजन निव्वळ मालाचं हवं, खोक्यासकट तोलणं हा गुन्हा आहे. तरी सणाच्या गर्दीत कोण बोलणार! मी आता काट्यापाशीच उभा राहतो आणि भरायच्या आधी सांगतो, "भिया, पहले खाली डिब्बा रखो, ज़ीरो कर दो." प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काट्याला त्यासाठी एक बटण असतं आणि ते दाबायला एक सेकंद लागतो. खोकं भरल्यावर बोललात तर भांडण होतं, आधी बोललात तर काहीच होत नाही. सुट्या मिठाईच्या ताटापाशी 'या तारखेपर्यंत खावी' अशी पाटी १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, तीही वाचा. माव्याचं काही पुण्याला पाठवू नका. उन्हाळ्यात तर मुळीच नको.

सेव सुटी घेतली तर दोन पिशव्यांत बांधून घ्या, लसणाची वेगळी. ती कपड्यांच्या बॅगेत ठेवू नये हे पाहुण्यांना मी सांगतो. ते ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो.